लाँग रेंजसाठी कुठली रायफल घ्यावी? (मुक्काम ठाणे)

घोडबंदरकर

मंडळी, नमस्कार.

वय ४३, राहायला घोडबंदर रोडला, पोटापाण्याला सॉफ्टवेअर. कॉलेजात एनसीसीत होतो तेव्हा कॅम्पला पॉइंट टू टूच्या पाच-पाच गोळ्या झाडायला मिळायच्या. एकदा पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ बसल्या आणि हवालदारसाहेबांनी पाठीवर थाप मारली. ती थाप पंचवीस वर्षं जपून ठेवली आहे. आता घराचं कर्ज फिटलंय, मुलगी दहावीतून सुटलीय, तेव्हा जुनी हौस डोकं वर काढतेय.

यूट्यूबवर हजार यार्डांवरची लोखंडी पाटी वाजवतात ते बघून वेड लागायची पाळी आली आहे. चाप ओढला की चांगले चार सेकंद शांतता, आणि मग लांबून टण्ण!

तर प्रश्न असे: काडतुसाचं माप .३०८ घेऊ की ६.५ क्रीडमूर? स्कोप (रायफलीवरची दुर्बीण) किती पॉवरचा? सगळं मिळून चार-पाच लाखांत बसेल का? बायकोचा प्रश्न वेगळा आहे, "ठेवणार कुठे?" पण तो तूर्तास बाजूला ठेवू.

तर्रीबाज

जागा धरली. चहा मागवलाय.

खारघरचा वारा

वहिनींचा प्रश्न बाजूला ठेवू नका, पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे: झाडणार कुठे?

हे मी खिजवायला विचारत नाहीये. गेली अकरा वर्षं नेमबाजी करतोय. नव्याने येणारा प्रत्येक जण रायफल आधी निवडतो आणि रेंज नंतर शोधतो. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, पुण्यात बालेवाडी आहे. या सगळ्या जगाचं माप १०, २५ आणि ५० मीटर. ३०० मीटर म्हणजे लष्कराच्या रेंजा, महूसारख्या. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. तीन हात नाक्यावरून झाडलेली गोळी ठाणे स्टेशनच्या वाटेवर किती आत जाईल ते नकाशावर बघा. नागरिकाला तेवढी जागा आपल्याकडे हौसेसाठी कोणी देत नाही.

घोडबंदरकर

पन्नास मीटर? आमच्या सोसायटीचं पार्किंग त्याहून लांब आहे हो.

पितळी पुंगळी

रेंज राहू द्या, आधी कायदा बघा.

.३०८ म्हणजे ७.६२ नाटोची सख्खी बहीण. आपल्याकडे लष्कर-पोलिसांच्या मापाची हत्यारं 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये, म्हणजे नागरिकांना मनाई असलेल्या नळीच्या मापात मोडतात. .३०३ त्यात, ७.६२ त्यात. तुमच्या-माझ्यासाठी तो विषय इथेच संपला. क्रीडमूर दुकानात जाऊन विकत घ्यायची गोष्ट नाही. परदेशी रायफल आयात करायची वाट नामांकित नेमबाजांसाठी आहे, आणि 'नामांकित' हा तिथे कायद्यातला शब्द आहे, कौतुकाचा नाही.

सामान्य परवानाधारकासाठी मोठ्या बोअरमध्ये उरतं काय, तर ऑर्डनन्स फॅक्टरीची .३१५ आणि .३०-०६ स्पोर्टिंग रायफल. .३१५चं काडतूस जुन्या ऑस्ट्रियन ८ मिलिमीटर मॅनलिखरच्या घराण्यातलं. गोळी जड, बोथट, संथ. शेताच्या बांधावरून रानडुकराला पळवायला ठीक. तिच्याकडून लाँग रेंजची अपेक्षा म्हणजे एसटीच्या लाल डब्याला एक्स्प्रेसवेवर शर्यतीला उतरवणं.

आता तुम्हाला खरोखर उपयोगी पडेल ते सांगतो. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३मध्ये मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला टार्गेट प्रॅक्टिससाठी परवाना देण्याची वेगळी तरतूद आहे. म्हणजे आधी क्लब, मग परवाना, मग रायफल. ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे पोलीस आयुक्तालय असल्याने अर्ज आयुक्तालयात जातो. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका, आधी तीन चालायच्या. आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली.

एअर रायफल .१७७ची आणि २० जूलपर्यंतच्या ताकदीची असेल तर परवाना लागत नाही.

उपवनचा गारवा

परवाना लागत नाही ना? मग एक एअर रायफल घ्यायची आणि रविवारी सकाळी येऊरला जाऊन बाटल्या फोडायच्या. हाकानाका. (ह.घ्या.)

पितळी पुंगळी

हलकं घेण्यासारखं नाही. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. १९७२चा वन्यजीव कायदा तिथे पूर्ण ताकदीने लागू आहे. बंदूक परवान्याची नसली तरी जंगलात ती घेऊन फिरणारा माणूस वनखात्याला शिकारीच वाटणार, आणि त्यांचं चुकत नाही. शिवाय फुटलेल्या बाटल्यांवर पाय कोणाचा पडतो? तिथल्या पाड्यांवरच्या पोरांचा.

उपवनचा गारवा

शब्द मागे घेतो.

नौपाडा टू डॅलस

मूळचा नौपाड्याचा, सध्या टेक्सास. घोडबंदरकर ज्या व्हिडिओंनी घायाळ झालेत तो उद्योग मी दर शनिवारी करतो, त्यामुळे मूळ प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो. ठाण्यात उपयोग नसला तरी ज्ञान वाया जात नाही.

हजार यार्डांवर ६.५ क्रीडमूर .३०८पेक्षा सोपी पडते. तिची गोळी लांबट आणि बारीक असते, हवा कापत जाते, वेग कमी गमावते. शंभर यार्डांवर झिरो केलेली (म्हणजे तिथे नेम जुळवलेली) क्रीडमूर हजारावर साधारण साडेआठ-नऊ मिल (एक मिल म्हणजे हजार यार्डांवर एक यार्ड) खाली येते, .३०८ अकरा-बाराच्या घरात. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा असेल तर .३०८ची गोळी अडीच मीटरच्या आसपास सरकते. अडीच मीटर! म्हणजे तुम्ही दारावर नेम धरलात तर गोळी शेजारच्या खिडकीत. क्रीडमूर त्याच वाऱ्यात पावणेदोन मीटरच्या आत-बाहेर. धक्काही कमी. पण .३०८ची नळी पाच हजार गोळ्यांच्या पुढेही चांगली चालते, क्रीडमूरची अडीच-तीन हजारांत थकते. नळी ही खर्चाची वस्तू आहे, गाडीच्या टायरसारखी, हे भारतातून आलेल्या माणसाच्या पचनी पडायला वेळ लागतो.

तीन गोष्टी दुकानदार सांगत नाहीत. पहिली, जेवढे पैसे रायफलीला तेवढेच स्कोपला ठेवा. मोठं दिसणं महत्त्वाचं नाही. दहा क्लिक वर नेऊन दहा क्लिक खाली आणल्यावर काच होती तिथे परत आली पाहिजे. दुसरी, स्कोपखालची पट्टी पुढे किंचित उतरती घ्या, २० मिनिटांच्या कोनाची, नाहीतर हजारावर पोचायच्या आधीच स्कोपचा वरचा फिरकीमार्ग संपतो. तिसरी, नळीच्या आतल्या पिळाचा वेग. लांब गोळीला घट्ट पीळ लागतो, आठ इंचांत एक फेरा. हलक्या गोळीचा सैल पीळ असला तर लांब गोळी भोवऱ्यासारखी डगमगते.

माझ्याकडे फिनलंडची टिक्का आहे. साधी, कुरकुर न करणारी. लोक रेमिंग्टन ७०० घेतात कारण १९६२पासून तिचे सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात.

घोडबंदरकर

धन्यवाद साहेब. वाचून आनंदही झाला आणि पोटातही दुखलं.

बेंगळुरूच्या एसएसएस डिफेन्सने .३३८ लापुआ मॅग्नमची सेबर रायफल बनवलीय म्हणे, दीड किलोमीटर मारा. देशी बनावटीची तरी मिळेल का?

पितळी पुंगळी

मिळेल. फौजेत भरती झालात तर.

रिटायर्ड सुभेदार

सगळं वाचलं. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, आता कळव्याला असतो. मला टायपिंगचा कंटाळा आहे तरी लिहितो.

रेंजवर नवीन पोरं यायची तेव्हा मी त्यांना पहिला दिवस रायफलीला हात लावू द्यायचो नाही. बसा आणि गवत बघा. शंभर मीटरवरचं गवत कुठे झुकतंय, दोनशेवरचं कुठे, बटच्या (टार्गेटमागच्या मातीच्या बांधाच्या) वरचा झेंडा कुठे. तिन्ही तीन दिशांना असायचे. संध्याकाळी विचारायचो, वारा कुठून होता? जो एकच दिशा सांगायचा त्याला दुसऱ्या दिवशी परत गवत.

मृगजळ समजत असेल तर दुर्बीण टार्गेटच्या थोडी अलीकडे फोकस करावी. गरम हवेच्या लाटा डावीकडून उजवीकडे पळताना दिसतात. त्या उभ्या उकळायला लागल्या म्हणजे वारा नाही, किंवा तो सरळ तोंडावर किंवा पाठीवर आहे. त्या वेळी झाडू नये, वारा बाजू बदलायच्या बेतात असतो. हे दीड लाखाची काच सांगत नाही.

तुम्ही पन्नास मीटरला हसलात. .२२ची मॅच गोळी सेकंदाला ३२०-३३० मीटर जाते. आवाजाहून मुद्दाम कमी ठेवलेला वेग आहे तो. आवाजापेक्षा जोरात सोडली तर वाटेत आवाजाच्या वेगाखाली उतरताना गोळीला हादरा बसतो, नेम फाकतो. एवढी संथ आणि अडीच ग्रॅमची गोळी म्हणजे वाऱ्याचं खेळणं. डॅलसवाल्यांनी सांगितला तोच सोळा किलोमीटरचा वारा तिला पन्नास मीटरवर दोन-अडीच सेंटिमीटर ढकलतो. टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर, पुढचं प्रत्येक वर्तुळ आठ मिलिमीटर लांब. मनगट न हलता दहाचा सात-आठ होतो. त्यांचे अडीच मीटर आणि आमचे अडीच सेंटिमीटर, धडा तोच. फक्त आमच्या शाळेची फी कमी आहे.

सीवूड्सची आई

सुभेदारकाका, नमस्कार. हे माझ्या लेकाला वाचून दाखवलं, तो म्हणाला "उद्या गवत बघायला कुठे जाऊ?" आमच्याकडे खाडीच्या कडेला खारफुटी आहे, तीच बघ म्हटलं.

तो १० मीटर एअर रायफल करतो. घोडबंदरकर दादा, पार्किंग मोजून झालं असेल तर सांगते, १० मीटरला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेनाने दिलेल्या टिंबाएवढा.

सेकंडहँडबद्दल माझा अनुभव लिहिते, कोणाचे तरी पैसे वाचतील. पहिली जर्मन एअर रायफल एका विक्रेत्याकडून वापरलेली घेतली. वरून चकचकीत, ट्रिगर लोण्यासारखा. दोन महिन्यांनी कोचने सिलिंडर हातात घेऊन त्यावर कोरलेली तारीख वाचली आणि तो बाजूला ठेवून दिला. त्या सिलिंडरांत २०० बार दाबाची हवा असते आणि कंपनीने वापराची मुदत दहा वर्षं दिलेली असते. आमच्या सिलिंडरची मुदत आम्ही विकत घेण्याच्या आदल्या वर्षीच संपली होती. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, हवा कधी एक्स्पायर होते का?" नवा सिलिंडर घ्यावा लागला. तेव्हा रायफल बघायच्या आधी सिलिंडर उलटा करून तारीख वाचा.

आणि रायफलीची पेटी घेऊन लोकलने गेलात की दर खेपेला एक काकू विचारणारच, "गिटार शिकतोस का रे?" माझा लेक आता हो म्हणतो. मागच्या आठवड्यात एकीने सानपाड्यापर्यंत गाण्याच्या क्लासची फी विचारली.

जुनं कपाट

अवांतर, पण राहवत नाही. लांब पल्ल्याच्या नेमबाजीशी आपला संबंध यूट्यूबच्या बराच आधीचा आहे. इंग्लंडात बिस्लीला दर वर्षी इम्पीरियल मीटिंग भरते, त्यात 'कोलापूर कप' नावाचा सांघिक सामना असतो, ३००, ५०० आणि ६०० यार्डांचा. राष्ट्रकुलातले संघ त्यासाठी भांडतात. हे कोलापूर म्हणजे आपलं कोल्हापूरच. छत्रपती राजाराम महाराज १८७०मध्ये विलायतेला गेले होते, परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्सला वारले. तिथे त्यांची छत्री आजही आहे. त्यांच्या संस्थानाच्या नावाचा तो चषक १८७१पासून चालू आहे.

आणि कोल्हापूरने पुढे ते कर्ज व्याजासकट वसूल केलं. तेजस्विनी सावंत २०१०ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची (झोपून झाडायच्या प्रकाराची) विश्वविजेती. राधानगरीकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, १ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक, ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) कांस्य, ४५१.४ गुण. पात्रता फेरीत सातवा होता तो. अंतिम फेरीत गुडघ्यावर आणि झोपून झाडताना मागेच होता, उभं राहून झाडायची वेळ आली तेव्हा वर सरकला. उभं राहणं हीच सगळ्यात अवघड पोझिशन.

तर्रीबाज

अवांतर मूळ धाग्यापेक्षा भारी. कपाटातून अजून काढा.

जुनं कपाट

काढतो की. नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ची, पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर. घराणं मूळचं कोकणातलं. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी त्यांच्याच नावाची मावळणकर स्पर्धा असते. घोडबंदरकरांना पुढेमागे त्याच दारातून जावं लागेल.

स्पेकशीट

सगळे "आधी वारा बघा, गवत बघा" म्हणताहेत. मान्य. पण हत्याराला काहीच महत्त्व नाही हा जो सूर लागलाय तो पटत नाही. फुटकी बॅट घेऊन सचिनसुद्धा किती खेळणार? ५० मीटरच्या फायनलला बघा, अँशुट्झ, वॉल्थर, अशी दोन-चारच नावं. अँशुट्झची ५४ नंबरची अॅक्शन (काडतूस भरून झाडणारी यंत्रणा) १९५४पासून चालू आहे, सत्तर वर्षांत तिला कोणी हटवू शकलं नाही. ते उगाच का?

खारघरचा वारा

उगाच नाही. पण त्या रायफलीतलं लोक काय विकत घेतात ते बघा.

.२२ मॅच रायफलीत तीन वस्तू असतात: नळी, ट्रिगर आणि दस्ता. नळी आणि ट्रिगर चांगल्या कंपनीचे असले की नवशिक्यापेक्षा ते कायम पुढेच असतात, तिथे डोकं शिणवू नका. खरा खेळ दस्त्याचा. त्याची लांबी तुमच्या हाताच्या मापाची हवी. गालपट्टी अशी हवी की डोळे मिटून गाल टेकवला आणि डोळे उघडले तर मागच्या भोकातून समोरची रिंग मधोमध दिसावी, मान वाकवावी लागू नये. बटप्लेट खांद्यात जिथे आपोआप बसते तिथेच बसावी. लाकडी जुन्या दस्त्यात हे सगळं थोडं थोडं हलतं, अॅल्युमिनियमच्यात सगळंच हलतं. नियमात वजनाची मर्यादा ८ किलो आहे म्हणून आठ किलोची घेऊ नका. उभ्याने साठ गोळ्या झाडून बघा, मग वजन ठरवा.

आणि गोळी. हे कोणीच लिहिलं नाही. .२२ची प्रत्येक नळी लहरी असते. एकच ब्रँड, एकच डबा, पण लॉट (कारखान्यातली खेप) बदलला की ग्रुप (गोळ्यांचा कागदावरचा घोळका) बदलतो. ईली, आरडब्ल्यूएस, लापुआ तिन्ही उत्तम. तुमच्या नळीला त्यातला कुठला लॉट मानवतो ते शिकंज्यात धरून दहा-दहाचे ग्रुप काढल्याशिवाय कळत नाही. माझी नळी ईलीच्या महागड्या टेनेक्सवर रुसते आणि तिच्याहून स्वस्त डब्यावर हसते. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, घरात एक तरी जण स्वस्तात खूश आहे.

स्पेकशीट

हे पटलं. दस्त्याचा मुद्दा डोक्यात नव्हता.

रिटायर्ड सुभेदार

एक राहिलं. जून ते सप्टेंबर ठाण्याची हवा लोखंड खाते. रायफल रेंजवरून आणली की पेटीत कोंडून ठेवायची नाही. पुसायची, हलका तेलाचा हात द्यायचा, घामाचा हात लागला असेल ती जागा आधी. पेटीतला फोम ओलावा धरतो, तो उन्हात टाकत जा. सिलिका जेलच्या पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद भाजून परत वापरता येतात. आणि नळी साफ करताना रॉड मागून घालावा, पुढून नाही. नळीच्या तोंडाची कड झिजली की रायफल गेली.

घोडबंदरकर

मंडळी, साडेचार महिन्यांनी धागा वर काढतोय, रागावू नका.

क्लबचा सभासद झालो. अजून काहीही विकत घेतलेलं नाही. पहिले सहा आठवडे क्लबच्याच एअर रायफलवर, आता .२२वर आलो आहे. पहिल्या दिवशी कोचने गोळी न घालता चाळीस मिनिटं नुसता नेम धरायला लावला. मग म्हणाले, "डोळे मिटा. श्वास सोडा. आता उघडा. माशी कुठे आहे?" माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) शेजारच्या लेनच्या टार्गेटवर होती. मी स्नायूंनी ओढून रायफल जागेवर आणत होतो, शरीर भलतीकडेच तोंड करून उभं होतं. मग रायफल सोडून पाय हलवायला शिकवले. पंचवीस वर्षांची एनसीसीची थाप तिथेच उतरली.

दुसरं म्हणजे माझे हात लांब आहेत. क्लबच्या रायफलीचा दस्ता तीन सेंटिमीटर मागे ओढल्यावर त्याच दिवशी ग्रुप निम्म्यावर आला. खारघरकर, तुमचा प्रतिसाद छापून कपाटावर लावलाय.

आणि पन्नास मीटर. सुभेदारसाहेब, मी हसलो होतो त्याची माफी. दुपारी तीननंतर खाडीकडून वारा सुटतो तेव्हा झेंडी सरळ उभी राहते, आणि माझ्या गोळ्या रांगेने सातात जाऊन बसतात. परवा पहिल्यांदा झेंडी खाली पडायची वाट बघत अर्धा मिनिट थांबलो, झाडली, १०.३. खरं सांगतो, ते टण्ण आठवलंही नाही.

परवान्याचा अर्ज टाकलाय. क्लबमधले एक जण त्यांची जुनी अँशुट्झ विकताहेत, लाकडी दस्ता, नळीतून गोळ्या किती गेल्या ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. बघताना काय काय बघू? बायकोच्या "ठेवणार कुठे?"चं उत्तर मिळालं आहे: कपाट भिंतीत बोल्ट मारून, आणि किल्ली तिच्याकडे.

पितळी पुंगळी

परवाना हातात येईपर्यंत पैसे देऊ नका, टोकनसुद्धा नाही. आणि रायफलीवरचा नंबर त्यांच्या परवान्यावरच्या नंबराशी स्वतः अक्षर अक्षर जुळवून बघा.

खारघरचा वारा

गोळ्या किती गेल्या हे माणूस सांगत नाही, नळी सांगते. काडतूस बसतं त्याच्या लगेच पुढे, सहाच्या काट्यावर, गोळीबरोबर काचेची जी पूड जाते तिने एक खरखरीत पट्टा पडतो. साध्या डोळ्याला दिसत नाही, बोअरस्कोप (नळीत घालून आत बघायची बारीक दुर्बीण) लागतो. पट्टा दिसला म्हणून रायफल लगेच सोडू नका, दोन लॉटचे ग्रुप काढू आणि कागद काय म्हणतो ते बघू. माझ्याकडे बोअरस्कोप आहे. रविवारी ठाण्याहून सकाळची पनवेल लोकल पकडा, मी खारघरला चढतो.

रिटायर्ड सुभेदार

मी कळव्याहून येतो. ठाण्याला दहा नंबर फलाटावर भेटू. रॉड माझा घेऊ, त्यांचा कसा असेल सांगता येत नाही.

सीवूड्सची आई

माझा लेक विचारतोय, त्यालाही बोअरस्कोपमधून बघायला मिळेल का? गिटार घरी ठेवून येईल.